परमुलखातला खेळ

चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून बाहेर पडणाऱ्या मोटारींपैकी काहींवर ‘स्कोडा’ हे नाव असते. चेक देशातील म्लादा बोलेस्लाव या गावची ही कंपनी १९९३ सालापासून आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची प्रमुख प्रायोजक आहे. २०२४ च्या मे महिन्यात ही स्पर्धा प्राग आणि ओस्ट्राव्हा या दोन शहरांत भरली, तेव्हा ७,९७,७२७ प्रेक्षकांनी ती मैदानात बसून पाहिली. स्पर्धेच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला. अंतिम सामन्यात यजमान चेक संघाने स्वित्झर्लंडला २-० असे हरवले. त्या रात्री प्रागमधील चौकांत माणसे नाचत असताना इकडे चाकणमध्ये त्याच नावाच्या मोटारी जोडणाऱ्या आपल्या मुलांना मात्र या खेळाची वार्ताही नसावी. मोटार सातासमुद्रापलीकडून आली, तिच्यामागे यंत्रे आली, कामाची शिस्त आली. मोटारीचा सोबती असलेला खेळ तेवढा वाटेतच राहिला.

त्यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. बर्फ नाही तेथे बर्फावरचा खेळ कसा यावा? आम्हीही असेच म्हणत आलो होतो. आमच्या नातीने मात्र गेल्या वर्षभरात या प्रश्नाला आमच्या घरात ठाण मांडायला लावले, आणि त्या निमित्ताने काही वाचावे लागले, काही विचार करावा लागला. एखादा खेळ परमुलखात रुजतो तो कशामुळे, आणि गाजावाजा होऊनही रुजत नाही तो कशामुळे, हा तो विचार. वाचकांपुढे तो मांडावासा वाटतो.

नात तेरा वर्षांची आहे. चिंचवडमध्ये घराजवळच्या रिंकवर ती गेली चार वर्षे चाकांचे स्केट्स घालून धावते. प्रारंभी शर्यती होत्या. पुढे तिला इनलाइन हॉकीची गोडी लागली. एका रांगेत चार चाके असलेले बूट, हातात लांब काठी, आणि गुळगुळीत फरशीवर घसरत जाणारी चकती, असा तो खेळ. आइस हॉकीचेच हे चाकांवरचे रूप होय. मूळ खेळात चाकांऐवजी पोलादी पाती असतात आणि फरशीऐवजी सुमारे साठ मीटर लांबीचे बर्फाचे अंगण. प्रत्येक बाजूस गोलरक्षक धरून सहा खेळाडू, आणि वीस-वीस मिनिटांचे तीन डाव. चकती कठीण रबराची, तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची. ती उसळू नये म्हणून सामन्यापूर्वी गोठवून ठेवतात. खेळाडू दमछाक होईपर्यंत धावतात आणि मिनिटभरात बदलले जातात. बदलीसाठी खेळ थांबतही नाही. नातीने आम्हांला हे सारे समजावून सांगितले आणि शेवटी विचारले, “आजोबा, लेहला शिबिर असते. तिथे खरा बर्फ असतो. मी जाऊ का?”

तिचा बाप, म्हणजे आमचा धाकटा मुलगा, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपमध्ये तीन पाळ्यांत काम करतो. सून एका खाजगी रुग्णालयात परिचारिका आहे. पात्यांचे बूट, शिरस्त्राण, छातीचे व गुडघ्यांचे कवच, विमानाचे तिकीट या सर्वांचा हिशेब मुलाने एका कागदावर मांडला आणि तो कागद काही न बोलता जेवणाच्या टेबलावर ठेवला. सून म्हणाली, “बाबा, पैसे कसेही उभे करू. पण शिकून आल्यावर ती खेळणार कुठे?” त्या एका वाक्यात या लेखाचा सारा विषय आला आहे.

आइस हॉकीच्या धुरीणांपुढेही, निराळ्या अर्थाने, हाच प्रश्न फार दिवसांपासून आहे. कॅनडा, अमेरिका, रशिया, स्वीडन, फिनलंड, चेक अशा मोजक्या देशांत या खेळाचे वैभव आहे. ते इतरत्र पसरावे म्हणून उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगने पुष्कळ खटपट केली. १९९७ साली तिने आपल्या मोसमातील दोन सामने टोकियोत खेळविले. २०१७ आणि २०१८ मध्ये चीनमध्ये सरावाचे सामने झाले, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे. चीनने तर याहून मोठी उडी घेतली. बीजिंगचे २०२२ चे हिवाळी ऑलिंपिक डोळ्यांपुढे ठेवून २०१६ साली कुनलुन रेड स्टार नावाचा व्यावसायिक संघ उभारला आणि तो रशियाच्या लीगमध्ये उतरविला. ऑलिंपिकच्या चिनी पुरुष संघात उत्तर अमेरिकेत जन्मलेल्या व वाढलेल्या खेळाडूंचा मोठा भरणा होता. महासाथीनंतर त्या व्यावसायिक संघाचे ‘घरचे’ सामने मॉस्कोजवळच्या मितिश्ची गावी होऊ लागले. चीनचा संघ, पण अंगण रशियातले! पैसा होता, इच्छा होती, सत्तेचा आधार होता. तरी पाहुण्यांच्या बळावर घर उभे राहत नाही ते नाहीच.

याउलट एक उदाहरण अमेरिकेच्या वाळवंटातले आहे. १९८८ साली वेन ग्रेट्स्की हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कॅनडातील एडमंटन सोडून लॉस एंजेलिसच्या संघात आला, आणि उन्हाच्या प्रदेशातही हा खेळ चालेल असा विश्वास मालकांना वाटू लागला. पुढल्या पाच वर्षांत सॅन होजे, टॅम्पा, ॲनाहाइम व मायामीच्या परिसरात नवे संघ निघाले. १९९६ मध्ये ॲरिझोनाच्या फिनिक्स शहरात एक संघ आला. सगळीकडे यश आले असे नाही. अटलांटा शहराने दोनदा संघ मिळविला आणि दोनदा गमावला, १९८० साली आणि पुन्हा २०११ साली. ॲरिझोनाचा संघही अनेक वर्षे अडखळत चालून अखेर २०२४ मध्ये युटा राज्यात गेला. धंद्याच्या वहीत ॲरिझोनाची नोंद तोट्याच्या बाजूला होईल. पण त्याच ॲरिझोनात, स्कॉट्सडेल नावाच्या गावी, ऑस्टन मॅथ्यूज हा मुलगा वाढला. अगदी लहान वयात त्याने फिनिक्सच्या संघाचे सामने पाहिले, तेथल्याच रिंकवर तो घसरायला शिकला, आणि २०१६ मध्ये नवोदितांच्या निवडीत टोरोंटोच्या संघाने त्याला सर्वांत आधी उचलले. संघ गेला, रिंक राहिली, मुले राहिली. यश मोजावयाचे कोणत्या मापाने, असा प्रश्न येथे पडतो. बाजार प्रेक्षक मोजतो आणि तिकिटे मोजतो. खेळ स्वतः मात्र खेळणाऱ्या मुलांच्या संख्येने वाढतो.

उन्हातील बर्फाची आणखी एक कथा आम्हां कारखान्यांतल्या माणसांना विशेष जवळची वाटावी अशी आहे. फ्रँक झांबोनी हा कॅलिफोर्नियातील एक यंत्रकुशल गृहस्थ. त्याचा व भावाचा बर्फाच्या लाद्या तयार करण्याचा धंदा होता. घरोघरी फ्रिज आले, तशी लाद्यांची मागणी घटू लागली. तेव्हा बर्फ करण्याचे जे कसब हाती होते त्याचा उपयोग करून त्याने १९४० साली पॅरामाउंट गावी स्केटिंगचे रिंगण काढले. दिवसभर घसरून बर्फाचा पृष्ठभाग खरवडला जाई. तो खरडून, धुऊन पुन्हा गुळगुळीत करण्यास बऱ्याच माणसांचा बराच वेळ जाई. झांबोनीने अनेक वर्षे प्रयोग केले आणि १९४९ मध्ये लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाडीचे भाग वापरून एक यंत्र तयार केले. ते एका फेरीत बर्फ तासते, धुते आणि वर गरम पाण्याचा पातळ थर पसरते. तो थर गोठून नवा आरसा तयार होतो. आज जगभरातील रिंगणांत असली यंत्रे फिरतात. बर्फावरच्या खेळाला लागणारे हे महत्त्वाचे यंत्र उन्हाच्या मुलखातल्या एका मेकॅनिकच्या हातून घडले आहे. भोसरी-चाकणच्या लहान लहान वर्कशॉपांत असे हात शेकड्यांनी आहेत. तेव्हा, आम्ही उष्ण प्रदेशातील माणसे म्हणून हा खेळ आमच्यासाठी नव्हे, या म्हणण्यात तथ्य नाही.

अंगण आणि यंत्र यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे भाषा. कॅनडात २००८ सालापासून आइस हॉकीचे समालोचन पंजाबीतही होऊ लागले. पंजाबातून गेलेली वृद्ध मंडळी, ज्यांना इंग्रजी समालोचन नीट कळत नसे, ती नातवंडांच्या शेजारी बसून सामना पाहू लागली. समालोचकांनी नुसते भाषांतर केले नाही. घरात, शेतात, लग्नात बोलली जाणारी पंजाबी त्यांनी खेळाला दिली. २०१६ च्या अंतिम मालिकेत हरनारायण सिंग यांनी निक बोनिनो या खेळाडूच्या गोलनंतर त्याच्या नावाचा जो लांबलचक पुकारा केला तो इतका गाजला की पिट्सबर्गच्या विजेत्या संघाने त्या पंजाबी चमूला आपल्या विजयोत्सवास बोलावून घेतले. मोटारी विकणाऱ्यांना हे मर्म ठाऊक आहे. चाकणला तयार होणाऱ्या स्कोडाच्या मोटारींना ‘कुशाक’, ‘कायलाक’ अशी नावे दिलेली आहेत. पहिले संस्कृतातल्या राजावाचक शब्दावरून, तर दुसरे स्फटिकवाचक शब्दावरून घेतल्याचे कंपनी सांगते. परदेशी वस्तूला दारात उभे राहण्यासाठी दारातली भाषा बोलावी लागते. नातीचा खेळ आम्हांला समजला तो तिने मराठीत समजावला तेव्हा. ‘पक’ला ती चकती म्हणते, आणि चुकीच्या क्षणी गोलरेषेकडे पळालेल्या खेळाडूला ‘उतावळा’ म्हणते. नियमपुस्तकात हा शब्द नाही; पण खेळ आपला होऊ लागल्याची ती खूण आम्ही मानतो.

आपल्याकडे असे पूर्वी घडलेले नाही काय? मैदानी हॉकी तरी आपली कोठे होती? गोऱ्या पलटणींबरोबर ती आली, छावण्यांत खेळली जाऊ लागली, आणि मिशनऱ्यांच्या शाळांतून आपल्या मुलांच्या हाती गेली. मुंबईत आगाखान चषकाची स्पर्धा १८९६ सालापासून सुरू झाली. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅमला भारताने पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळविले. १९४८ च्या लंडनच्या सुवर्णविजेत्या संघात गोलरक्षक म्हणून लिओ पिंटो होते, आणि वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेने देशाला एकाहून अधिक ऑलिंपिकपटू दिले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगावयास नको. आणि आमच्या दापोडीच्या पुलापलीकडे खडकी आहे. तेथे दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत १९६८ मध्ये धनराज पिल्ले जन्मले. वडील मैदानाची देखभाल करीत. कारखान्याच्या मैदानावर मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन भावंडे खेळली, आणि त्यांतला एक चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळून आला. परदेशी खेळ येथे रुजला तो असा. कोणी त्याची जाहिरात केली नव्हती. कामगारांच्या घरांजवळ एक मोकळे मैदान होते, टाकलेली काठी उचलू नका असे म्हणणारे कोणी नव्हते, आणि शिकवणारा मोठा भाऊ होता. पुढे पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद यांच्या नावाने कृत्रिम गवताचे मैदान झाले. २०२१ च्या डिसेंबरात राष्ट्रीय वरिष्ठ पुरुष हॉकी स्पर्धा तेथे भरली. मैदान आधी आणि स्पर्धा नंतर, हा क्रम येथेही दिसतो.

भारतातील आइस हॉकीनेही हाच क्रम पाळलेला आहे. लडाखात तलाव गोठत, तेथे लष्कराचे जवान व गावातली पोरे खेळत. लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून स्केट्स बनवीत. १९८९ साली भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला, पण राष्ट्रीय संघ आशियाई स्पर्धेत प्रथम उतरला तो २००९ मध्ये, अबू धाबी येथे. मुलींचा संघ २०१६ मध्ये तैवानात पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. दुसऱ्या वर्षी बँकॉकला त्याने फिलिपाइन्सला ४-३ असे हरवून पहिला विजय मिळविला. प्रवासाचे पैसे अपुरे म्हणून त्या मुलींसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली होती. त्याच संघाने २०२५ मध्ये अल ऐन येथे महिलांच्या आशिया चषकात कांस्यपदक मिळविले. अबू धाबी काय, अल ऐन काय, दोन्ही वाळवंटातली शहरे! लडाखच्या मुलींना नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने मिळतो. त्यांचे मोठे सामने मात्र वाळवंटात, यंत्राने केलेल्या बर्फावर झाले.

मग आपल्या या पट्ट्यातही एक बर्फाचे रिंगण का उभारू नये? येथे मोठमोठे कारखाने आहेत, जर्मन, जपानी, कोरियन अभियंते आहेत, शीतगृहे आहेत, पैसाही आहे. मुलाने हा विचार मोठ्या उत्साहाने मांडला. आमच्या मनात तेव्हा डेहराडून आले. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी तेथे छताखालचे रीतसर रिंगण बांधले गेले. स्पर्धा संपली आणि ते बंद पडले. वर्षानुवर्षे त्याला कुलूप राहिले. यंत्रे अखंड चालवावी लागतात, विजेचा खर्च मोठा, आणि रोज येणारी मुले नाहीत. २०२५ साली ते पुन्हा उघडले आणि तेथे आशियाई पातळीवरील बर्फावरील शर्यती झाल्या, ही आनंदाची गोष्ट. पण मधल्या वर्षांत ज्या मुलांचे वय उलटून गेले ती मुले पुन्हा मिळत नाहीत. रिंगण बांधणे हे एका वर्षाचे काम; ते थंड आणि भरलेले ठेवणे हे पिढीचे काम. शिवाय २०१९ च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाण्याची सवय लागलेल्या शहरात बर्फाचे अंगण मागताना मनाला थोडा संकोच वाटायला हवा. वसईकडील वाचकांना गोराईच्या मनोरंजन उद्यानातील बर्फाची छोटी रिंक आठवत असेल. सहलीला गेलेली मुले कठडा धरून अर्धा तास घसरत आणि घरी येत. ते उद्यान बंद पडले. मौज झाली, पण त्या बर्फातून येथे खेळाचे संघ उभे राहिले नाहीत.

तेव्हा आमच्या मते या पट्ट्यात आइस हॉकीचा मार्ग चाकांवरूनच जातो. बर्फावर जे लागते त्यातले बरेच चाकांवर शिकता येते: तोल, वळण, काठीची पकड, मान वर ठेवून सहकाऱ्याला हेरणे. लेह येथे २०२४ आणि २०२५ मध्ये भरलेल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत महाराष्ट्राची मुले बर्फावरील स्केटिंगमध्ये उतरली. ज्या राज्यात बर्फ पडत नाही तेथली मुले थेट बर्फावर उभी राहू शकतात, याचे मूळ आपल्या शहरांतल्या चाकांच्या रिंकांत आहे. त्या रिंका वाढवाव्यात, दुरुस्त ठेवाव्यात, आणि कंत्राटी कामगाराच्या मुलालाही तेथे पाऊल टाकता यावे असे त्यांचे शुल्क असावे. आमच्या सोसायटीत पूर्वी मुले खेळत ती फरशी आता दुचाकींनी व्यापली आहे. मोटारी तयार करणाऱ्या गावात मुलांना खेळायला जी जागा उरली नाही ती मोटारींनीच घेतली, हे थोडे विचित्र आहे. कंपन्यांना सामाजिक कामासाठी निधी द्यावा लागतो; मोठ्या स्पर्धेच्या फलकावर नाव झळकविण्यापेक्षा चार वस्त्यांत चार गुळगुळीत फरश्या आणि वीस-वीस जोड स्केट्स ठेवले तर खेळाचे अधिक भले होईल. बूट प्रत्येकाने विकत घ्यावे, या अटीवर कोणताही खेळ गरिबाच्या घरात शिरलेला नाही. खडकीच्या त्या मैदानावर काठ्या टाकलेल्याच होत्या.

घरातला निर्णय आता सांगितला पाहिजे. नात यंदा लेहला गेली नाही. हे तिला कळविण्याचे काम आमच्यावर आले, आणि ते सोपे नव्हते. आम्ही तिला ‘हे तुझ्यासाठी नाही’ असे म्हटले नाही. दोन वर्षांनी जाशील, आणि तोवर तुझ्याबरोबर खेळणारी मुले तयार कर, असे म्हटले. ती रडली. मग तिने विचारले, “किती मुले?” आम्ही म्हणालो, “दोन्ही बाजूंना गोलरक्षक धरून दहा तरी हवीत.” इनलाइन हॉकीत प्रत्येक बाजूस चार खेळाडू व एक गोलरक्षक असतो, हे तिनेच आम्हांला शिकविले होते. आठवड्याभरात तिने सात नावे लिहून आणली. त्यांत प्रेस शॉपमधल्या कामगारांची दोन मुले आहेत, एक बिहारहून आलेल्या वेल्डरची मुलगी आहे, आणि एक मुलगा असा की त्याने अद्याप पायात स्केट्स घातलेले नाहीत. सून त्या मुलांचे जुने गुडघेपट्टे धुऊन शिवून देते. पैशाचा तो कागद मुलाने फाडला नाही. त्याच्या मागच्या बाजूला आता दुसरा हिशेब आहे.

चाकण-भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. गेल्या दोन गुरुवारी मुलगा आणि त्याचे सोबती भंगारवाल्याकडून घेतलेल्या पाइपांचे गोल तयार करीत होते: सहा फूट रुंद, चार फूट उंच, बर्फावरच्या खेळाचे जे माप आहे अगदी तेच. वेल्डरच्या मुलीने विचारले, आपल्याला बर्फ नाही तर माप तेच कशाला? तिच्या बापाने चष्मा कपाळावर सरकवला आणि हिंदी-मराठी मिसळून तिला सांगितले की, माप आधीच बरोबर ठेवले की पुढे तोडून पुन्हा जोडावे लागत नाही. एक गोल झाला आहे. दुसऱ्याचा वरचा दांडा जोडायचा राहिला आहे; तो येत्या गुरुवारी होईल.